एका रेषेतली पावलं

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात बॉक्सिंगची बॅग खेळाच्या सामानाच्या खोलीत टांगलेली होती. एका बाजूला गाद्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला मोडक्या खुर्च्या, आणि मधल्या जागेत आम्ही मुली. ठोसा मारून मागे सरकलं की पाठ भिंतीला लागायची. दुसऱ्या वर्षाच्या माझ्या बहुतेक संध्याकाळी त्या खोलीत गेल्या.

काकांनी माझ्यासाठी दिग्रसकडचं स्थळ आणलं होतं. बा म्हणाले होते, विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पुढे शिक, नाही तर परीक्षेनंतर लग्न. पुसदजवळच्या आमच्या तांड्यातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे एवढी मोकळीकही मला मोठी वाटत होती.

अडचण माझ्या पायांची होती. मी जोर लावून ठोसा मारायचे, बॅग लांब जायची आणि परत येताना मलाच बाजूला ढकलायची. आम्हाला बॉक्सिंग शिकवणारे सर बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "धुऱ्यावर चालून राह्यली का तू? दोन्ही पाय एका रेषेत. अन् मान एवढी ताठ काहून? डोक्यावर गुंड हाय का?"

मुली हसल्या. मीही हसले. पण खरं तेच होतं. लहानपणापासून पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, डोक्यावर घेऊन मी शेताच्या अरुंद धुऱ्यावरून, बांधावरून चालत आले होते. मान हलायला नको, पावलापुढे पाऊल पडायला हवं. तोल म्हणून मला एवढंच ठाऊक होतं, आणि त्याचा अभिमानही होता.

सरांनी फरशीवर खडूनं दोन रेघा ओढल्या. डावा पाय एकीवर, उजवा दुसरीवर, उजव्याची टाच जराशी उचललेली, गुडघे सैल. मान ताठ होऊ नये म्हणून हनुवटीखाली दाबलेला रुमाल, तो पडू द्यायचा नाही. "बॅगवर रेलू नको. मार, हात परत आन, अन् ते येईन तवा तू जाग्यावर पाह्यजे."

पायांकडे लक्ष दिलं की रुमाल पडायचा. रुमाल सांभाळला की पाय पुन्हा एका रेषेत यायचे. आपल्याच अंगात आपल्याला कोणी कोंडून घातलंय असं वाटायचं.

थोडं जमू लागलं तोच दिवाळीची सुट्टी आली. घरी नळ होता, त्याला पाणी नव्हतं. विहिरीवर मी गुंड कमरेवर घेतला तर एक बाई म्हणाली, "यवतमाळातच मान ठेवून आली का वं?"

"साहेबीन झाली ते. केस इस्कटतात तिचे," दुसरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं डोक्यावर घेतला. गुंड बसताच मान आपोआप ताठ झाली, पावलं एकापुढे एक पडू लागली.

घरी येऊन मी आईला, आमच्या याडीला, सगळं सांगितलं. उभं कसं राहायचं ते करून दाखवलं. तिनं नीट पाहिलं. "हे त भांडाले उभं राह्यल्यावानी हाय," म्हणाली. मग गुंड उचलत म्हणाली, "तू नको आनू पानी. मी आनतो."

सुट्टीभर तिनं माझ्याही खेपा केल्या. मी अंगणात दोन रेघा ओढून उभी राहायचे, आणि ओझं घेऊन येणारी ती समोरून दिसायची. धावत जावंसं वाटायचं. पण जागा सोडायची नव्हती.

निवडीच्या दिवशी मी पहिली लढत जिंकले, दुसरी हरले. हरतानाही तोल गेला नाही. सरांनी सांगितलं, तू राखीव.

फोनवर बांनी विचारलं, "राखीव म्हंजे घेतलं का नाही घेतलं?"

"संगं नेतील. कोनाले लागलं त मले खेळवतील."

"म्हंजे नाही घेतलं."

मागून याडी म्हणाली, "नेतात ना संगं? मंग घेतलं."

शेवटी बा म्हणाले, "काकाले सांगतो एक वर्स थांब म्हनून. एकच."

पुढे मी पदवी घेतली ती याडीच्या त्या एका वाक्यामुळे. पण त्या दिवशी सुटल्यासारखं काही वाटलं नाही. वर्ष मिळालं होतं आणि ते लगेच सरायला लागलं होतं. फोन ठेवला आणि सामानाच्या खोलीची किल्ली मागायला सरांकडे गेले.