नाक छाटलेली गाडी

मालवाहतुकीच्या आवारात सगळे त्याला नाकवाले काका म्हणत. नाक त्याचं नव्हे, ट्रकचं. पुढे लांबलचक बॉनेट असलेल्या त्या अवजड ट्रकच्या घराण्यातल्या तीन पिढ्या त्याने हाकल्या होत्या. पहिलीचं स्टिअरिंग फिरवताना खांदे निखळत. कंपनी त्याला दणकटपणा म्हणे. दुसरीला बरे ब्रेक आले, म्हणजे तोवर उतारावर देवाचा धावा हाच ब्रेक होता, हे कंपनीने आडून कबूल केलं. तिसरीचे गोल दिवे चौकोनी झाले आणि जाहिरातीत नवं युग उजाडलं. चौथीचं मात्र नाकच छाटलं. इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखाली गेलं.

“नाक नाही त्या गाडीला अब्रू कसली?” काका म्हणे.

“नाकाला मिरच्या झोंबल्यात तुमच्या,” बायको म्हणे. “घरी बसलात तर दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात नाक खुपसाल. मुकाट्याने शिका.”

कारण मालकाने शेवटची नाकवाली भंगारात काढली होती. नवी गाडी फाटकातून काढून रस्त्याला लावा, नाहीतर विश्रांती घ्या, असं तो म्हणाला. ‘विश्रांती’ हा शब्द मालक फार मायेने उच्चारी.

जुन्या गाडीत ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या मागे बसे. नवीत चाकांच्याही पुढे. काकाने जन्माच्या सवयीने नसलेल्या नाकाला जागा सोडली, फाटकाचा खांब दिसताच स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडीच्या कुशीने खांबाचा गिलावा खरवडला.

“इतक्या लवकर वळतात होय?” मालक ओरडला.

“मी वेळेवरच वळलो,” काका शांतपणे म्हणाला. “चाकं मागे राहिली.”

दरवानाला हसू आलं. मालकाकडे बघून त्याने ते खोकल्यात घातलं.

“पुन्हा घ्या. शेवटचं.”

काकाने गाडी मागे घेतली. या वेळी खांब खिडकीतून मागे गेला तरी हात हलवला नाही. पुढे काचेखाली नुसता रस्ता. आपण एकटेच बाहेर पडलो, गाडी आतच राहिली, असं वाटलं. मनातल्या मनात कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करून तो आणखी थोडा थांबला आणि मग वळला. गाडी सुतासारखी सरळ रस्त्याला लागली.

मालकाने खांब निरखला, टायर निरखले. खोट सापडेना, तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

“उद्या सिमेंट भरायचंय,” तो म्हणाला. “उशीर करू नका.”

त्या धंद्यात अभिनंदन एवढंच असतं.