वहिनींनी ट्रान्सफॉर्मर काढला तेव्हा

मी परळीच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो, तेव्हा दादाचा फोन आला. "उम्या, तुझी वहिनी गेली रे..." एवढंच बोलला. छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. ह्याला आता महिना उलटला. पण रडगाणं लिहायला मी बसलेलो नाही. वहिनींना रडगाण्याचा भयंकर कंटाळा. त्यांची आठवण निघाली की मला तो सहा पायांचा काळा किडा आठवतो, आणि खरं सांगतो, आजही बसल्या जागेवरून उठून नाचावंसं वाटतं!

माजलगावला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत वहिनींचं टेबल होतं. आयटीआय केलेली बाई. मिक्सर, टीव्ही, मोटारींचे स्टार्टर, काय येईल ते दुरुस्त करायच्या. चालू लाइनवर काम असलं की उजवा हात पुढे आणि डावा पाठीमागे, पदराखाली. "दोन्ही हात लावले की करंट छातीतून जातो, भावजी. एक हात घरीच ठेवावा." आमच्या नाटक मंडळाचे दिवेही त्यांच्याकडेच. दिवा हळूहळू मंद करणारा डिमर त्यांनी स्वतः बनवला होता. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, आणि डिमर त्या शून्यापासून वेळ मोजून दिवा लावतो. लवकर लावला तर लख्ख, उशिरा लावला तर मंद. ते शून्य ओळखायला त्यांनी एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवला होता, आणि घात त्यानंच केला.

नाटकात मी म्हातारा. शेवटी बाजेवर मरतो आणि माझ्यावरचा दिवा विझत जातो. गावातल्या पहिल्याच प्रयोगात मी छान मेलो. दिवा मंद झाला, आणखी मंद झाला... आणि भक्कन पेटला! मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, म्हातारं उठलं की!" मांडव हसून लोटपोट, आणि खोटं कशाला बोलू, मेलेला मीही हसलो. मंडळाचे प्रमुख बप्पा मात्र तापले. "बीडच्या स्पर्धेला लाइटवाला बाहेरून आणू. बाईमाणसाचं काम न्हाई ते." वहिनी शांतपणे वायरी गुंडाळत होत्या. "एक तालीम माझ्या दिव्यांवर करा, बप्पा. त्यात भडकला तर मीच बाजूला होते." त्या दिव्यांवर वहिनींचा किती जीव होता ते मला ठाऊक होतं.

मग जे सुरू झालं, ते काय सांगू! वहिनींना जेवणाची शुद्ध राहिली नाही. एका दुपारी टेबलावरून हाक आली, "भावजी, चोर घावला! हा ट्रान्सफॉर्मर निरोप उशिरा सांगतोय. वीज शून्यावरून पुढं गेल्यावर हा म्हणतो, आलं शून्य. दिवा लई मंद करायला गेलं की लावायची वेळ पुढच्या फेरीत पडती, म्हणून भडकतोय." त्यांनी ट्रान्सफॉर्मर उपटून काढला आणि त्या जागी ऑप्टोकपलर बसवला. तोच तो काळा किडा. त्याच्या आत इवलासा दिवा आणि समोर त्याच्याकडे बघणारा डोळा. वीज शून्याशी आली की दिवा विझतो आणि डोळा लगेच कळवतो. "मधे तार न्हाई, नुसता उजेड," वहिनी लहान पोरीसारख्या खूश होऊन म्हणाल्या. घाईत वीज अडवणारे रेझिस्टन्स मात्र बारके लावले. लाइन चालू करताच ते काळे पडले, खोलीभर धूर! दादा चहा घेऊन दारात उभा. "आता घर जाळती का गं?" मोठे लावले, धूर थांबला. पण दिवा मंद करून बघितला तर नवीनच खोड निघाली. शून्य यायच्या जरा आधीच किड्याच्या आतला दिवा विझत होता, म्हणजे निरोप आता लवकर येत होता. मी कपाळाला हात लावला. वहिनी हसल्या. "आधी सांगणाऱ्याला थांब म्हणता येतं, भावजी. उशिरा सांगणाऱ्याचं काय करता?" डिमरच्या चिपमधल्या प्रोग्राममध्ये तेवढा थांबा टाकला, आणि झालं.

तालमीत मी जीव मुठीत धरून मेलो. पापण्यांच्या फटीतून बघत होतो. दिवा उतरत गेला, निखाऱ्यासारखा लाल झाला आणि कधी विझला ते कळलंसुद्धा नाही. अंधारात बप्पांचा आवाज आला, "पोरी, बीडला तूच चल." बीडला तर अंधार झाल्यावर आधी कुणी टाळीच वाजवली नाही. आणि मग असा कडकडाट झाला म्हणता! विंगेत वहिनी एका हातानं बटण धरून उभ्या होत्या, दुसरा पाठीमागे.

तो डिमर आता वहिनींच्या खोलीत, त्यांच्या कॉटजवळच्या दिव्याला जोडलेला आहे. परवा मी मुक्कामाला गेलो. संध्याकाळी जरा पडायचं म्हणून दादानं तो दिवा मंद करायला घेतला. त्याचा डावा हात पाठीमागे होता. बटणाला झाकण आहे, काही धोका नाही, तरीही. उजेड कमी कमी होत गेला, लाल झाला... आणि मला एकदम वाटलं, एकदा भडकू दे. एकदाच. त्या पहिल्या प्रयोगासारखा भक्कन पेटू दे आणि म्हातारं उठू दे! दादाही बटण धरून वाट बघत थांबला होता.

पण काम वहिनींचं होतं. नाही भडकला.