बसकरावरून उठताना

मुरबाडच्या कचेरीसमोर चिंचेखाली माझी बैठक आहे. एक बसकर, एक उतरते मेज आणि शाईचे पेन एवढाच तिचा संसार. परंतु माझ्या हातचा अर्ज साहेबांच्या टेबलावरून सहसा परत येत नाही, हे तालुक्यात सर्वांस ठाऊक आहे. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचे शिक्षण कचेरीने दिले. खुर्ची मी कधी ठेवली नाही, आणि त्यामागे विचार आहे. खुर्चीतल्या माणसापुढे अर्जदार हात जोडून उभा राहतो आणि ऐकणाऱ्याला रुचेल तेवढेच बोलतो. जमिनीवर बसलेल्या माणसाशेजारी मात्र तो उकिडवा बसतो, तंबाखू मळतो, इकडचे तिकडचे बोलतो, आणि मग केव्हातरी खरी तक्रार बाहेर पडते.

मूत्रपिंडे निकामी होऊन शहापूरला डायलिसिस सुरू झाले, तेव्हा काळजी लागली ती या बसकराची. बसता येई, उठता येईना. हाडे आतून ठणकत आणि मांड्यांत जोर नसे. संध्याकाळी कोणीतरी बगलेत हात घालून मला उभे करी. अर्जदारांदेखत ते फार लागे. असेच चालते तर बैठक मोडावी लागली असती.

घरी उपाय सुरू झाले. सकाळी दूध, दुपारी नाचणीची भाकर, वर सुकट.

"हाडं दुखतात ना? मग खा गुमान," बायको म्हणे. "शेजारणीनं सुकट धाडलीय. आमी काय तुमच्या वायटावर हाव?"

एकदा बायको बरोबर असताना शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पाहून विचारले, "काका, जेवणाच्या गोळ्या कधी घेता?"

"पहाटे, स्नान करून, अनशापोटी," मी सांगितले. "नेम कधी चुकलेला नाही."

"मग सगळ्या वाया गेल्या! ती गोळी घासाबरोबर घ्यायची. अन्नातला फॉस्फरस ती पोटातच धरून ठेवते. पोटात अन्नच नसेल, तर धरणार काय?"

दूध, सुकट, नाचणी, सर्वांत तो फॉस्फरस भरपूर. माझी मूत्रपिंडे तो बाहेर टाकीत नाहीत. रक्तात साठला की हाडांतले कॅल्शियम निघून जाते. हे ऐकून बायकोने पदर तोंडाशी नेला.

"म्हंजी मी रोज इख वाढत व्हते?"

"इख नाही हो मावशी, लाड करत होता," बाई हसल्या. "आता लाड थोडे कमी करा. आणि यांना झोपवून ठेवू नका. हाडांवर भार पडला नाही, तर ती आणखी विरतात."

त्यानंतर डायलिसिस सुरू असताना खाटेच्या पायथ्याशी पायडलांचे एक यंत्र लावू लागले. पडल्या पडल्या सायकल चालवायची. यंत्राची घरघर, अंगात भरत जाणारा गारवा, आणि पाय आपले फिरत. डोळे मिटले की छत विरघळून जाई. मग मी घरच्या वाटेवरच्या सापगावच्या पुलावरून जात असे, खाली पाणी उभे असल्यासारखे शांत. पुढे कापलेल्या भाताची खाचरे, त्यांवर तरंगणारे धुके, आणि फार दूर सिद्धगड, निळा, वजन नसलेला. कितीही पायडल मारले तरी तो जवळ येत नसे, आणि त्याचे मला काहीच वाटत नसे. त्या रस्त्यावर हाडे दुखत नसत. कोणी हाक मारली की गड मिटे आणि पुन्हा पंखा दिसे.

घरी उठबैस चाले. आधी खाटेवरून, मग स्टुलावरून, शेवटी पाटावरून, भिंतीला हात न लावता.

"उठा उठा, साहेब आले!" बायको चुलीपाशी बसून चिडवी. मी अर्ध्यात अडकलो की म्हणे, "बसा, साहेब रजेवर गेले."

सुधारणा झाली, पण ती इतक्या सावकाश की ती झाल्याचे मला बरेच दिवस कळले नाही.

परवा एक म्हातारी आली. विहिरीच्या वाटेवर कोणी कुंपण घातले होते. माझ्याशेजारी टेकून तिने आधी नातवाचे, मग म्हशीचे आणि शेवटी कुंपणाचे सांगितले. अर्ज पुरा झाला तेव्हा कचेरीची दारे लागत होती आणि चिंचेखाली पिवळसर, झोपाळू उजेड पसरला होता. मी एक गुडघा टेकला.

"थांब रे, हात देते," ती म्हणाली.

"नको, आजी."

तळव्याने गुडघा दाबला. मांडी थरथरली, कंबरेत कळ आली, झाड क्षणभर हलल्यासारखे झाले. मग ते जागेवर आले आणि मी उभा होतो. कोणाचाही हात माझ्या बगलेत नव्हता.

खालून आवाज आला, "उटलास ना? आता मला उटव. माजा गुडगा मघाच झोपलाय."

डाव्या हातात डायलिसिसच्या सुईसाठी जोडून दिलेली शीर आहे, त्या हातावर भार चालत नाही. म्हणून मी उजवा हात पुढे केला. तिने तो घट्ट धरला. दोघेही जरा डुललो. मग ती उभी राहिली, लुगडे झटकले, आणि अर्ज काखेत मारून माझ्यापुढे स्टँडकडे चालू लागली.