रंभाआत्याचा तवांगचा परवाना

मारुंजीत आमच्या रंभाआत्याकडं भाड्यानं खोली मागायची म्हणजे पोलीस ठाण्यात जबानी द्यायची. गाव कुठलं, बाप काय करतो, लग्न अजून का जमलं नाही, हे सगळं सांगून आधार कार्ड दिलं की मग ती किल्ली दाखवते. जिन्यात पाटी आहे: पाहुणे रात्री आठपर्यंत. या पाटीपुढं भल्याभल्यांचं काही चाललेलं नाही.

अशा आत्याला पार अरुणाचलात, तवांगला जायचं होतं. तिथली पेमा हिंजवडीत नोकरी करायची आणि आत्याच्या खोलीत राहायची. आत्याला चिकनगुनिया झाला तेव्हा तिनं उठवून बसवून पेज भरवली होती. आता पेमाचं लग्न गावी ठरलं होतं. आत्यानं घरचा इंद्रायणी तांदूळ बांधला, हिरवा चुडा घेतला, आणि थंडीची सवय व्हावी म्हणून भर उन्हात ओट्यावर स्वेटर-कानटोपी घालून बसायला लागली. थंडीची सवय घामानं कशी होते, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

पण तो सरहद्दीचा मुलूख, परवान्याशिवाय आत सोडत नाहीत. मी लॅपटॉपवर परवान्याचा अर्ज उघडला. कशाला येताय, किती दिवस, उतरणार कुठं, असं मी एकेक विचारत गेलो तशी आत्या तापत गेली.

"आमी काय चोर हाय का? कशाला येवढ्या चौकश्या?"

मी गुपचूप जिन्यातल्या पाटीकडं बघितलं.

"माजं निराळं हाय," ती म्हणाली.

मग आला तिथल्या ओळखीच्या माणसाचा प्रश्न. पेमानं आईचं नाव द्यायला सांगितलं होतं. ते ऐकून आत्यानं कानटोपी काढून बाजूला ठेवली. पेमाची आई एकदा एवढ्या लांबून लेकीला भेटायला आली होती. प्रवासात तिचं पाकीट हरवलेलं, त्यात आधार कार्ड. कार्ड नाही म्हणून आठ वाजले तसं आत्यानं तिला पेमाच्या कार्डावर लॉजवर धाडलं होतं. तेव्हा नियम वाटलेल्या गोष्टीनं आता तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"ती बाई माज्यासाटी कशाला नाव दील? ऱ्हाऊ दे. तांदूळ पार्सल कर."

मी न ऐकता व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आई, शेजारी भाषांतराला पेमा. आईनं आत्याला पूर्ण नाव विचारलं, बरोबर कोण येणार विचारलं, मटण चालतं का, घोरता का, तेही विचारलं. आत्यानं नव्या भाडेकरूसारखी खाली मान घालून सगळी उत्तरं दिली. मग आई बराच वेळ काहीतरी बोलली आणि पेमाला हसू आवरेना.

"आई म्हणतेय, माझं नाव खुशाल लिहा. पण आमच्यात रात्री आठनंतर पाहुण्याला घराबाहेर सोडत नाहीत."

आत्या हसली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

संध्याकाळी जिन्यातल्या पाटीखाली खडूनं लिहिलेलं दिसलं: आई सोडून. वरच्या मजल्यावरच्या एकानं लगेच विचारलं, मावशी चालेल का?

"आदी आईला आण," आत्या म्हणाली.