गफूरभाईंचा गुटका

त्या हिवाळ्यात आमची वर्कशॉप तुकडी सिंदेवाहीजवळ मुक्कामाला होती. जिल्हा तेव्हा चांदा. मी हुद्द्यानं नाईक, गाव सावली, म्हणजे पोस्टिंग घराच्या उंबऱ्यावरच. आई म्हणायची, "तू फौजेत गेला का पाव्हना आला?" काम एकच. जुन्या गाड्या उघडायच्या, जोडायच्या आणि रोड टेस्टला काढायच्या.

टेस्टचा आमचा एक कायदा होता. ज्यानं ब्रेक जोडले त्यानं हातात लाकडी गुटका, म्हणजे ठोकळा, घेऊन दाराखालच्या फूटबोर्डवर उभं राहायचं. ब्रेक गेला तर उडी मारून गुटका चाकाखाली घालायचा. हा हुकूम कुठं लिहिलेला नव्हता. हवालदार गफूरभाईंनी तो बसवला आणि आधी स्वतःला लावला. जीव अडकला की माणूस नट नीट आवळतो, असं ते म्हणत.

त्या दिवशी महायुद्धाच्या आधीची एक स्टाफ कार होती. ब्रेक गफूरभाईंनी जोडलेले, स्टिअरिंगवर मी. वैनगंगेच्या घाटापर्यंत जाऊन परतायचं होतं.

सावलीच्या पुढं जंगलाचा पट्टा लागला आणि गाडी ओढेना. जळका वास आला. उतरून पाहिलं तर चारही चाकांचे ब्रेक ड्रम तापलेले, हात लावायची सोय नाही. जॅकवर चढवलं, चाक फिरेना. गफूरभाईंनी चाकामागचा ब्रेकतेलाचा निपल सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं.

"तेल परत फिरून नाई राह्यलं," ते म्हणाले. "आत काहीतरी अडते. कॅम्पात उघडू." चाकं पुन्हा धरू नयेत म्हणून त्यांनी सगळे ब्रेकशू सैल केले.

झाडीत वानरं ओरडायला लागली. वाघ जवळ असला की ती अशीच ओरडतात.

"भाई, चला ना!"

"घाबरतो काऊन? वाघाले माह्या म्हाताऱ्या हाडात काय भेटनार?"

रस्ता अरुंद होता. गाडी वळवायला जागा थेट घाटावरच.

घाटाचा उतार वाईट. खाली पाण्याजवळ धानाची गाठोडी घेऊन बाया पलीकडं नेणाऱ्या डोंग्याची वाट पाहत बसल्या होत्या. मी ब्रेक दाबला. पेडल सरळ फळीला टेकलं. पुन्हा दाबला. काही नाही. हँडब्रेक ओढला, पण शू सैल केलेले, तो काय धरणार! पहिला गिअर टाकायला गेलो तर दात नुसते खरखरले आणि गाडी न्यूट्रलमध्ये सुटली.

"भाई, ब्रेक गेला!"

खालून डोंगेवाला ओरडला, "बाई, उठा! पळा, पळा!"

बाया उठल्या. एक म्हातारी उठेना, गाठोडं सोडेना. ती माझ्या बॉनेटसमोर होती. देवा, असं भ्यायलो मी!

गफूरभाईंनी फूटबोर्डवरून उडी मारली. गुटका पुढच्या चाकाखाली घातला, तो रेतीत सरकला. ते गाडीसोबत धावले, उचलून पुन्हा घातला आणि या वेळी सोडला नाही, खांद्यानं दाबून धरला. गाडी वाकडी होऊन थांबली. म्हातारी हातभर अंतरावर होती. गफूरभाई चाकाखाली होते.

बाहेर काढलं तेव्हा श्वास चालू होता. "बुढी?" एवढंच त्यांनी विचारलं.

"वाचली, भाई."

डोंग्यातून गडचिरोलीच्या दवाखान्यात नेताना नदीच्या मधोमध ते गेले.

गाडी मीच उघडली. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधला रबरी कप फुगून तेलाची वाट बुजली होती. म्हणून ब्रेक सुटत नव्हते, म्हणून ड्रम तापले, तेल उकळून त्याची वाफ झाली आणि पेडल पोकळ पडलं. रबर पेट्रोलनं धुतलं की असं फुगतं. गफूरभाई सळईनं ओढायच्या, बिनतेलाच्या ब्रेकवर वाढलेले. त्या गाड्यांचं सगळं सामान पेट्रोलनंच धुवायची रीत.

कॅप्टन साहेबांनी विचारलं, "किसने धोया था?"

"वर्कशॉपने, सर."

साहेबांनी फुगलेला कप हातात घेऊन पाहिला. म्हणाले, "ठीक है. आज से रबर पेट्रोल में नहीं जाएगा."

नवा कप ब्रेकच्या तेलानंच धुऊन घातला. जोडणी माझी, त्यामुळे कायद्यानं फूटबोर्डही माझाच. त्याच उतारावर पुन्हा टेस्ट झाली. ब्रेक अर्ध्यातच घट्ट लागला.

काठावर तीच म्हातारी बसलेली. तिनं फूटबोर्डकडं पाहिलं.

"तो भाऊ नाई आला आज?"

गुटका माझ्या हातात होता, गफूरभाईंचाच. मी तो तिला दाखवला. ती उठली, त्याला हात लावला आणि तोच हात कपाळाला नेला.