नखाची खूण

दातांच्या नव्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसले होते. समोरची अख्खी भिंत पानांनी हिरवीगार, फरशीवर लाकडाच्या रेषा, छतातून पक्ष्यांची किलबिल. मन लगेच निवलं, आणि तिथेच मला संशय आला. हिरवं दिसलं की माणूस सैलावतो, ही आपली जुनी खोड यांनी बरोबर हेरली आहे. पण आत असं काय करणार आहेत, म्हणून मला बाहेरच एवढं शांत करायचंय?

उठून भिंतीवरचं पान चोळून पाहिलं. प्लॅस्टिक! किलबिलही फिरून फिरून तीच लागत होती.

खुर्चीशेजारच्या कुंडीत रबर प्लांट होतं. पानं इतकी तुकतुकीत, की तेही खोटंच असणार. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी एका पानात नख रुतवलं. बोटाला पांढरा चीक लागला.

"खरं आहे हो ते, ताई," फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या. "जो येतो तो नख लावून बघतो."

मग नीट पाहिलं. खुर्चीवरून हात पोचेल तेवढ्या प्रत्येक पानावर नखांच्या बारीक चंद्रकोरी होत्या. बाकीच्या सुकून तपकिरी झालेल्या, आणि एक माझी, अजून ओली.