पेटीभोवतीचं हसू

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या कॉन्रॅडची पस्तिशी उलटली, तरी आपण नक्की कोण हे त्याला ठरवता येत नव्हतं. वाडवडील मासेमारीला समुद्रावर जायचे. याला होडीत उलट्या व्हायच्या, म्हणून गळ्यात कॅमेरा आला. पक्षी टिपून झाले, अर्नाळ्याचे सूर्यास्त झाले, कुणाचं तरी पाहून ब्लॅक अँड व्हाइट म्हाताऱ्याही झाल्या. पोटासाठी लग्नं होतीच. फोटोंचं पुस्तक करायचं, शब्दही आपलेच लिहायचे, हे त्याने मित्रांना इतक्यांदा ऐकवलं होतं की ते आता विषयच बदलायचे. लिहायला बसला की दोन ओळींत उठायचा आणि घरभर येरझाऱ्या घालायचा. त्यात कामणच्या एका गोदामातून पक्क्या नोकरीचं बोलावणं आलं. ऑनलाइन विकायच्या चपलांचे फोटो काढायचे, सोमवारी हजर व्हायचं. हो म्हटलं तर पुस्तक कायमचं बुडालं, हे त्याला ठाऊक होतं. आणि नाही म्हणायला हातात काहीच नव्हतं.

शुक्रवारी शेजारची बर्था वारली. मासळी विकणारी, जिभेने तिखट बाई. मयताची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली की शवपेटीभोवती घरच्यांना उभं करून फोटो काढायचा आणि कुवेतच्या नातेवाइकांना पाठवायचा, ही गावची जुनी रीत. शनिवारी कॉन्रॅडने मुलांना उशाशी उभं केलं, सुनांना पायथ्याशी. आठवडाभर त्याने लग्नांचेच फोटो काढले होते. जीभ सवयीने वळली आणि तो म्हणाला, "जरा हसा."

चर्चच्या अंगणात सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं कॉन्रॅडला झालं. तेवढ्यात बर्थाची थोरली, प्रिसिला, रडता रडता फिस्सकन हसली. पुढचा दात तुटल्यापासून बर्था कुठल्याच फोटोत हसली नव्हती. हसा म्हणणाऱ्या प्रत्येक फोटोवाल्याला तिने शिव्या घातल्या होत्या. ते सगळ्यांना एकदमच आठवलं. डोळे पुसत सगळं घर हसलं आणि कॉन्रॅडचं बोट आपसूक दाबलं गेलं.

कुवेतला गेला तो नंतर काढलेला गंभीर फोटो. पहिला मात्र त्याला स्वस्थ बसू देईना. दाखवावा तर गावात छी-थू. पुसून टाकावा तर एवढ्या वर्षांत आपला म्हणावा असा हा एकच. रविवारी तो त्या फोटोसमोर बसला आणि कोण कसं हसलं ते लिहीत सुटला. स्वतःची चूकही त्याने लिहिली.

संध्याकाळी प्रिसिला सातव्या दिवसाच्या मिस्सेसाठी आईचा फोटो मागायला आली आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिला हाच दिसला. "बाय, पुसून टाकतो," तो कसाबसा म्हणाला. तिने खाली लिहिलेलं पुटपुटत वाचलं, पुन्हा वाचलं, मग खुर्ची ओढून बसली.

"आईचा दात कसा तुटला, ते नाय लिवलंस," ती म्हणाली. "लिव. मी सांगते."

सोमवारी त्याने कामणला नकार कळवला आणि उरलेलं ऐकायला तिच्या ओट्यावर जाऊन बसला.